परगावचा प्रेक्षक

श्रोतेहो, खेळांविषयी भाषणे होतात ती बहुधा खेळाडूंविषयी असतात. कोणी किती गुण मिळवले, कोणी कोणाला चीत केले, कोणता संघ जिंकला, हे सांगून झाले की भाषण संपते. आज मी मैदानाबाहेर बसणाऱ्या माणसाविषयी बोलणार आहे. त्यातही जो आपल्या गावच्या संघामागोमाग पदरचे पैसे खर्चून परगावी जातो, परक्या लोकांच्या गर्दीत बसून सामना पाहतो आणि रात्री उशिरा, कधी जिंकून तर कधी हरून, घरी परततो, त्या प्रवासी प्रेक्षकाविषयी.

असा प्रेक्षक आपल्याला अनोळखी नाही. जत्रेत कुस्त्यांचा फड भरतो तेव्हा पंचक्रोशीतली माणसे मिळेल त्या वाहनाने तेथे पोचतात. आपल्या तालमीचा पोरगा उतरणार असला म्हणजे तर हातातले काम टाकून जातात. पण आपल्याकडे हे वर्षातून दोनचार वेळा घडते. उत्तर युरोपात एक खेळ असा आहे की त्याच्यासाठी साधी नोकरदार, कष्टकरी माणसे अख्खा हिवाळा दर पंधरवड्याला परगावी जातात. तो खेळ म्हणजे हँडबॉल. जर्मनीच्या पहिल्या श्रेणीच्या साखळीत १८ संघ आहेत. प्रत्येक संघ हंगामात ३४ सामने खेळतो, त्यांतले १७ घरी आणि १७ परगावी. म्हणजे निष्ठावंत प्रेक्षकाला वर्षात १७ वेळा शिदोरी बांधावी लागते!

आता हा खेळ आहे तरी कसा? आपल्या शालेय स्पर्धांत तो असल्यामुळे शिक्षकबंधूंना नाव ठाऊक आहे. पण पुष्कळांनी तो पाहिलेला नसेल. ४० मीटर लांब आणि २० मीटर रुंद असे मैदान. दोन्ही टोकांना ३ मीटर रुंद व २ मीटर उंच असे गोल. प्रत्येक बाजूला गोलरक्षक धरून सात खेळाडू. चेंडू हाताने खेळायचा. तो हातात धरून तीन पावलांपेक्षा जास्त चालायचे नाही आणि तीन सेकंदांपेक्षा जास्त वेळ तो धरून ठेवायचा नाही. तीस तीस मिनिटांचे दोन डाव. गोलासमोर ६ मीटरवर एक वळणदार रेषा असते. त्या रेषेच्या आत पाय ठेवण्याचा अधिकार एकट्या गोलरक्षकाचा.

या एका रेषेत खेळाची सारी गंमत आहे, बरं का! चढाई करणाऱ्याला रेषेच्या आत जमिनीला पाय लावायची बंदी आहे, पण हवेतून जायची बंदी नाही. म्हणून तो रेषेबाहेरून उडी घेतो, अधांतरी असतानाच चेंडू फेकतो आणि मग आत कोसळतो. साऱ्या सामन्यात असे उडीचे नेम पाहायला मिळतात. मोठ्या सामन्यात दोन्ही संघांचे मिळून पन्नास-साठ गोल होतात. म्हणजे सरासरी मिनिटाला एक. फुटबॉलमध्ये दीड तास वाट पाहून एखादा गोल पाहायला मिळतो. येथे तुम्ही खिशातला रुमाल काढेपर्यंत एक गोल होऊन गेलेला असतो.

हा खेळ जन्माला घालणाऱ्यांत एक शाळामास्तर होते, ही गोष्ट आपल्या शिक्षक श्रोत्यांना आवडेल. डेन्मार्कमधील ऑर्ड्रुप येथे होल्गर निल्सेन नावाचे व्यायामशिक्षक होते. फुटबॉलमुळे शाळेच्या खिडक्यांच्या काचा फुटू लागल्या, म्हणून अंगणात तो खेळ बंद झाला आणि निल्सेन यांनी मुलांना हाताने चेंडू खेळायला लावले, असे सांगतात. ही १८९८ सालची गोष्ट. पुढे १९०६ साली त्यांनी या खेळाचे नियम छापून प्रसिद्ध केले. हे गृहस्थ १८९६ च्या पहिल्या ऑलिंपिकमध्ये तलवारबाजी आणि नेमबाजीत पदके मिळवून आले होते. बुडालेल्या माणसाला पालथे निजवून, पाठीवर दाब देऊन आणि हात उचलून श्वास चालू करण्याची जी जुनी रीत होती, तीही यांचीच. जगभर ती होल्गर निल्सेन पद्धत म्हणूनच ओळखली जात असे.

जर्मनीत १९१७ साली माक्स हायझर यांनी स्त्रियांसाठी या खेळाचे नियम केले आणि १९१९ च्या सुमारास कार्ल शेलेन्झ यांनी त्याला आणखी वेगवान रूप दिले. त्या काळी तो फुटबॉलच्या मोठ्या मैदानावर अकरा अकरा जण खेळत. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्येही तो असाच खेळला गेला. पण उत्तरेकडचा हिवाळा फार कडक. चारचार महिने मैदानावर बर्फ नाहीतर चिखल, आणि दुपारी चार वाजता अंधार. तेव्हा खेळ हळूहळू छपराखाली आला, अकराचे सात झाले, आणि १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये पुरुषांचा, तर १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांचा बंदिस्त हँडबॉल दाखल झाला.

हा इतिहास मी उगाच सांगितला नाही. खेळ छपराखाली आला म्हणून तो लहान गावांचा झाला. पन्नास हजार माणसांचे स्टेडियम बांधणे फक्त मोठ्या शहराला परवडते. पण चार हजार माणसांचे क्रीडागृह, ज्याला तिकडे नुसते 'हॉल' म्हणतात, ते मध्यम गावही उभारू शकते. म्हणून हँडबॉलचा नकाशा काढला तर त्यावर मोठमोठ्या राजधान्यांपेक्षा तालुक्या-जिल्ह्यांची गावे जास्त दिसतात. जर्मनीतले कील, फ्लेन्सबुर्ग, लेम्गो, गुमर्सबाख, हंगेरीतले वेस्प्रेम, पोलंडमधले केल्त्से. भूगोलाच्या पुस्तकात यांतली बहुतेक नावे सापडणार नाहीत, पण हँडबॉलच्या माणसाला ती पाठ असतात.

आपण या प्रेक्षकाबरोबर थोडा प्रवास करू. आज महाराष्ट्रातली पुष्कळ मुले शिक्षणासाठी जर्मनीत आहेत; त्यांच्यापैकी कोणाचे आईवडील हे ऐकत असतील तर त्यांनी मुलांना जरूर कळवावे. हंगाम ऑगस्टअखेर किंवा सप्टेंबरात सुरू होतो आणि जूनपर्यंत चालतो. जानेवारीत गावोगावचे सामने थांबतात, कारण तेव्हा पुरुषांच्या जागतिक किंवा युरोपीय स्पर्धा असतात. स्त्रियांच्या तशा स्पर्धा वर्षअखेरीस, डिसेंबरच्या सुमारास होतात.

पहिला मुक्काम कील. बाल्टिक समुद्राकाठचे हे बंदर. येथल्या संघाची संस्था १९०४ सालची आणि तिचा हॉल १९५१ साली उघडला. या हॉलचा लोखंडी सांगाडा म्हणजे मुळात सिल्ट बेटावरचा विमाने ठेवण्याचा हँगर. युद्ध संपल्यावर तो सोडवून आणला आणि येथे उभा केला. ज्या छपराखाली लढाऊ विमाने ठेवायची, त्याखाली आज सुमारे दहा हजार माणसे खेळ पाहतात. हॉल गावाच्या ऐन मध्यावर, रेल्वे स्टेशनापासून पायी जाता येईल असा. सामन्याच्या दिवशी संध्याकाळी स्टेशनाबाहेर पडलात तर वाट विचारावी लागत नाही. गळ्यात काळे-पांढरे मफलर घातलेल्यांच्या मागोमाग चालायचे.

कीलहून रेल्वेने सव्वा तासाच्या आसपास उत्तरेला गेले की फ्लेन्सबुर्ग लागते, डेन्मार्कच्या हद्दीला अगदी खेटून. लोकवस्ती लाखाच्या आतबाहेर, पण संघ युरोपात नावाजलेला. येथल्या हॉलला लोक प्रेमाने 'उत्तरेचा नरक' म्हणतात. कारण एका बाजूच्या उभ्याच्या जागेवरून असा काही कल्लोळ उठतो की पाहुण्या संघाला आपल्या प्रशिक्षकाचे बोलणे ऐकू येत नाही. कील आणि फ्लेन्सबुर्ग यांचे वैर जुने आहे. एका घरात सासर कीलचे आणि माहेर फ्लेन्सबुर्गचे असले म्हणजे सामन्याच्या दिवशी जेवणाच्या टेबलावर काय होत असेल, याची कल्पना आपणच करावी.

आणि तरीही एक गोष्ट नवख्याच्या चटकन डोळ्यांत भरते. दोन्ही गावांची माणसे बहुधा एकाच दारातून आत जातात. एकाच दुकानापुढे रांग लावून पावात घातलेले सॉसेज घेतात. फुटबॉलच्या सामन्यांना तिकडे पाहुण्या प्रेक्षकांना वेगळ्या वाटेने, पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावे लागते. मध्ये जाळ्या लावाव्या लागतात. हँडबॉलच्या हॉलमध्ये पाहुण्यांचा एखादा कोपरा असतो, त्यांचा ढोल असतो, पण जाळी सहसा नसते. शेजारच्या खुर्चीवर यजमान बसलेला असतो, आणि तो 'तुमचा गोलरक्षक आज छान खेळतोय हो!' असे म्हणायला कचरत नाही.

खुर्चीवर बसण्याआधी तिच्यावर ठेवलेली जाड कागदाची एक घडी उचलावी लागते. ती घडी पंख्यासारखी दुमडायची आणि दुसऱ्या हातावर आपटायची. हजारो माणसे एका तालात ती आपटू लागली की पत्र्यावर वळवाची सर कोसळावी तसा आवाज होतो. घरच्या संघाने गोल केला की निवेदक ध्वनिक्षेपकावरून खेळाडूचे पहिले नाव पुकारतो आणि सारा हॉल एका आवाजात आडनाव ओरडतो. आपल्याकडे एकाने 'गणपती बाप्पा' म्हणावे आणि बाकीच्यांनी 'मोरया', तसेच हे! पाहुण्या प्रेक्षकाने अशा वेळी गप्प बसायचे असते. आपली वेळ आली की मोजक्या मंडळींनी मिळून एवढा आवाज काढायचा, की मैदानावरच्या आपल्या सात पोरांना कळावे, आपली माणसे आली आहेत.

आता सामना पाहावा कसा? नवखा प्रेक्षक चेंडूमागे डोळे पळवतो आणि दहा मिनिटांत थकतो. जाणकार वेगळ्या चार गोष्टी पाहतो. पहिली, गोलरक्षक. या खेळात गोलाच्या दिशेने आलेल्या शंभर चेंडूंपैकी तीस-पस्तीस अडवणारा गोलरक्षक उत्तम समजतात. दहांतले सात चेंडू अंगावरून जाणार हे माहीत असूनही तो पुढच्यासाठी हात पसरून उभा राहतो. सामना कोणाकडे झुकतो आहे, हे गुणफलकाआधी त्याच्या चेहऱ्यावर दिसते.

दुसरी, बचाव करणाऱ्यांच्या भिंतीत पाठमोरा उभा असलेला प्रतिपक्षाचा एक धिप्पाड गडी. चेंडू त्याच्याकडे क्वचित येतो. पण तो दोघांना अंगाने अडवून धरतो आणि त्यातून पडलेल्या फटीतून त्याचा साथीदार उडी घेतो. त्याचे काम टाळ्यांत मोजले जात नाही. शेतात बैलजोडी दिसते, जमिनीत गेलेला फाळ दिसत नाही, तसेच हे आहे.

तिसरी, पंचाचा वर उचललेला हात. संघ गोलाचा प्रयत्न न करता नुसता वेळ काढू लागला की पंच हात वर करतो. २०२२ च्या नियमांप्रमाणे त्यानंतर फार तर चार वेळा चेंडू एकमेकांना देता येतो, मग नेम मारावाच लागतो. हात वर गेला की मनात एक, दोन, तीन, चार मोजायला लागा, म्हणजे सारा हॉल एकदम उठून का उभा राहतो ते कळेल.

चौथी गोष्ट म्हणजे खेळाडूंचे बाकडे. येथे खेळ न थांबवता खेळाडू बदलता येतात. चढाईला वेगळा गडी, बचावाला वेगळा. चेंडू हातून गेला की दोघे धावत बाहेर, दोघे धावत आत. प्रशिक्षक टेबलावर हिरवे कार्ड ठेवतो तेव्हा मिनिटभर खेळ थांबतो. बसायला मैदानाच्या लांब बाजूची मधली जागा मिळाली तर हे सारे दिसते. गोलामागची जागा स्वस्त असेल, पण तेथून निम्मा सामना दूरचाच वाटतो.

पंचांविषयी आणखी थोडे सांगतो. या खेळात समोरून अंगाला अंग भिडवायची मुभा आहे. पण हवेत उडालेल्या खेळाडूचा फेकता हात मागून ओढला किंवा त्याला बाजूने ढकलले, तर शिक्षा कडक. दोन मिनिटे मैदानाबाहेर, आणि गुन्हा मोठा असेल तर थेट लाल कार्ड. परगावच्या प्रेक्षकाला आपल्या गड्यावर अन्याय झाल्यासारखे वाटते आणि तो हुर्यो करतो. त्या वेळी योआखिम डेकार्म हे नाव आठवावे. गुमर्सबाखचा हा खेळाडू १९७८ साली जग जिंकणाऱ्या पश्चिम जर्मन संघात होता. पुढच्याच वर्षी, ३० मार्च १९७९ रोजी, हंगेरीतील ताताबान्या गावी संघाबरोबर परगावचा सामना खेळताना त्याची एका प्रतिस्पर्ध्याशी टक्कर झाली. डोके जमिनीवर आपटले. वर पातळ थर आणि खाली काँक्रीट अशी ती जमीन. पंचवीस वर्षांचा तो गडी १३१ दिवस बेशुद्ध होता. शुद्धीवर आल्यावर त्याला बोलणे-चालणे नव्याने शिकावे लागले. त्या टकरीत कोणाचा दुष्ट हेतू नव्हता. पण पंचाची शिट्टी कशासाठी असते आणि शाळेच्या क्रीडागृहाची जमीन कशी असावी, हे दोन्ही प्रश्न त्या दिवसानंतर पोरखेळ राहिले नाहीत.

गुमर्सबाखचेच उदाहरण पुढे चालवतो, कारण प्रवासी प्रेक्षकाची खरी परीक्षा तेथे झाली. कोलोन शहराच्या पूर्वेला डोंगराळ भागातले हे सुमारे पन्नास हजार वस्तीचे गाव. या गावाच्या संघाने बारा वेळा जर्मन अजिंक्यपद मिळवले आणि पाच वेळा युरोपातील विजेत्या संघांचा चषक घरी नेला. १९६६ साली पहिल्या श्रेणीची साखळी सुरू झाली तेव्हापासून हा संघ तीत अखंड होता. आणि २०१९ साली तो खाली घसरून दुसऱ्या श्रेणीत गेला. ज्यांनी युरोपचे चषक पाहिले, त्यांच्या वाट्याला आता आडगावचे लहान हॉल आले. २०२२ साली संघ पुन्हा वर चढला. मधल्या त्या तीन हिवाळ्यांत जे लोक संघामागे गेले, ते जिंकण्याच्या आशेने थोडेच गेले होते? आपले माणूस दवाखान्यात असले की आपण जसे जातो, तसे ते गेले.

आता मोठ्या मेळ्याविषयी. २०१० पासून युरोपातील सर्वोत्तम चार संघ हंगामाच्या शेवटी कोलोनला जमतात. शनिवारी दोन उपान्त्य सामने, रविवारी तिसऱ्या क्रमांकाचा आणि मग अंतिम. ऱ्हाइन नदीच्या एका काठाला प्रसिद्ध कॅथीड्रल आणि मुख्य स्टेशन, दुसऱ्या काठाला सुमारे वीस हजार माणसांचा हॉल. मध्ये रेल्वेचा पूल, त्यावरून पायी जाता येते. चार गावांची माणसे चार रंगांचे मफलर घालून त्या पुलावरून चालताना पाहावीत, आषाढीला निरनिराळ्या दिंड्या एका वाटेला लागाव्यात तशी. त्यांतल्या पुष्कळांनी तिकिटे कितीतरी महिने आधी घेतलेली असतात, आपला संघ येथवर पोचेल की नाही हे ठाऊक नसताना. शनिवारी आपला संघ हरला तरी रविवारी ते येतात आणि परक्यांचा अंतिम सामना पाहतात.

२९ मे २०१६ रोजी या हॉलमध्ये केल्त्से आणि वेस्प्रेम समोरासमोर आले. तिसऱ्या पाव तासाच्या शेवटाकडे वेस्प्रेम २८–१९ असे पुढे होते. नऊ गोलांची आघाडी! केल्त्सेची माणसे घराची वाट धरती तरी कोणी नावे ठेवली नसती. पण उरलेल्या वेळात वेस्प्रेमला एकच गोल करता आला आणि केल्त्सेने दहा केले. २९–२९. जादा वेळानंतरही ३५–३५ अशी बरोबरी. शेवटी ७ मीटरवरच्या फेकींवर केल्त्से जिंकले, ३९–३८. त्या दिवशी जे लवकर उठून गेले नाहीत, त्यांनी आयुष्यभर सांगण्याजोगी गोष्ट मिळवली. वेस्प्रेमच्या लोकांच्या वाट्याला मात्र कोलोन ते हंगेरी एवढा लांबचा परतीचा प्रवास आला. परगावच्या प्रेक्षकाला दोन्हीची तयारी ठेवावी लागते.

गर्दीचा विक्रम पाहायचा तर १० जानेवारी २०२४ चा आहे. जर्मनीतील युरोपीय स्पर्धेच्या पहिल्या दिवशी ड्युसेलडॉर्फच्या फुटबॉल स्टेडियमला छप्पर घालून ५३,५८६ प्रेक्षकांनी हँडबॉल पाहिला. आकडा ऐकून छाती दडपते. तरीही कोणी मला विचारले, पहिला सामना कोठे पाहावा, तर मी लहान गावचा चार हजारांचा हॉलच सांगेन. तेथे चेंडू जमिनीवर आपटल्याचा आवाज ऐकू येतो आणि खेळाडूचा घाम दिसतो. पन्नास हजारांत माणूस विक्रमाचा साक्षीदार होतो. चार हजारांत तो सामन्याचा साक्षीदार होतो.

प्रेक्षकावाचून खेळाचे काय होते, हे जगाने एकदा पाहिले आहे. करोनाच्या साथीमुळे २०२० सालचे कोलोनचे सामने डिसेंबरात, २८ आणि २९ तारखेला, रिकाम्या हॉलमध्ये झाले. कीलने बार्सिलोनाला ३३–२८ असे हरवले. युरोपचा चषक मिळाला, पण वीस हजार खुर्च्या मुक्या होत्या. पुढच्याच महिन्यात इजिप्तमध्ये जागतिक स्पर्धा झाली, तीही प्रेक्षकांशिवाय. नियम तेच, मैदान तेच, खेळाडू जगातले उत्तम. पण बुटांची करकर आणि प्रशिक्षकाची हाक एवढेच ऐकू येई. खेळाडूला लागणारा ऑक्सिजन हवेत होता, पण हॉलमध्ये श्वास नव्हता. प्रेक्षक म्हणजे खेळाला लावलेली झालर आहे, असे मानणाऱ्यांना त्या हिवाळ्याने उत्तर दिले.

यातून आपण काय घ्यावे? आपल्या देशात हँडबॉलचा महासंघ १९७२ साली स्थापन झाला. १९८२ च्या दिल्ली एशियाडमध्ये या खेळाने आशियाई स्पर्धांत पहिले पाऊल टाकले. जून २०२३ मध्ये जयपूरला सहा संघांची व्यावसायिक साखळी झाली आणि 'महाराष्ट्र आयर्नमेन' हा संघ तीत विजेता ठरला. आपल्या राज्याच्या नावाचा संघ जिंकला, हे भूषणच. पण ध्यानात घ्या, सर्व सामने एकाच गावी, एकाच हॉलमध्ये झाले. महाराष्ट्राच्या संघाला महाराष्ट्रात घर नव्हते, आणि म्हणून परगावही नव्हते. दूरचित्रवाणीवर सामने दिसले. पण जो प्रेक्षक पुढच्या पंधरवड्याला पुन्हा येतो, हरल्यावरही येतो, आपल्या पोराला खांद्यावर घेऊन येतो, तो अशाने तयार होत नाही. खेळाचे मूळ धरायला अशी माणसे लागतात. पैसा आणि प्रकाशझोत नंतर येतात.

आणि ही माणसे घडवायची जागा म्हणजे शाळा. शिक्षकमित्रांनो, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी शालेय हँडबॉलचे सामने असतात तेव्हा आपण फक्त खेळणारी मुले घेऊन जातो. शक्य असेल तर न खेळणारी दहा-पंधरा मुलेही बरोबर न्यावीत. जाण्याआधी शाळेच्या पटांगणावर चुन्याची फक्की मारून ४० बाय २० चे मैदान आणि ६ मीटरची ती रेषा आखून दाखवावी. तीन पावले, तीन सेकंद, रेषेबाहेरून उडी, एवढे नियम मुलांकडून करून घ्यावेत. मग सामन्यात प्रत्येकाला एकेक काम द्यावे. एकाने गोलरक्षकाने किती चेंडू अडवले ते मोजायचे. दुसऱ्याने पंचाचा हात किती वेळा वर गेला ते. तिसऱ्याने बाकड्यावरून कोण कधी आत गेले ते. परत येताना एस. टी.त त्यांना बोलू द्यावे. खेळणारी मुले त्या रात्री आपल्याच सामन्याविषयी आपल्याच मित्रांकडून अशा गोष्टी ऐकतील, ज्या त्यांना मैदानावर दिसल्या नव्हत्या.

आणखी एक गोष्ट त्यांना शिकवावी. समोरच्या शाळेच्या मुलाने उत्तम गोल केला तर टाळी वाजवावी. परगावी आपण पाहुणे असतो; पाहुण्याने यजमानाच्या घरचे चांगले ते चांगले म्हणावे, ही आपली जुनीच रीत आहे. तसेच पंच चुकला असे वाटले तरी त्याला शिव्या देऊ नयेत, आणि आपला संघ नऊ गोलांनी मागे असला तरी शेवटची शिट्टी होईपर्यंत जागेवरून उठू नये.

गावाला मैदान मिळेल, चेंडू मिळेल, उद्या कदाचित छप्परही मिळेल. पण सामना संपेपर्यंत बसून राहणारी चार माणसे कोणत्याही योजनेत मंजूर होत नाहीत. ती घरातून आणि शाळेतूनच यावी लागतात. पुढच्या वेळी आपल्या शाळेचा संघ परगावी निघेल तेव्हा गाडीत एखादी जागा रिकामी असेल, तर ती तशीच जाऊ देऊ नका.